न शिवायची पेटी

अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडवर उतरून आमच्या घरमालकांचं नाव विचारलं तर कोणाला काही सांगता येत नसे. 'हवा मास्तर' म्हटलं की मात्र चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळे एकाच गल्लीकडे बोट दाखवत आणि वर विचारत, "पावसाचं विचाराचं आहे का?"

पावसाशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते आयटीआयमधून निवृत्त झालेले निदेशक. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवत. हवेत हात हलवून एक वाद्य वाजवत, म्हणून पोरांनी 'हवा मास्तर' नाव ठेवलं. एका धानवाल्या म्हाताऱ्याने त्याचा अर्थ हवामान खात्याचा मास्तर असा घेतला आणि तो रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत ओसरीवर येऊन बसला.

"मास्तर, रोवना चालू करू का थांबू?"

"मी हवामानवाला नाही गा! जा तू."

पण त्या सकाळी वाद्य सुरात लागत नव्हतं. हवा दमट झाली की ते जागा सोडतं. मास्तर वैतागून स्वतःशीच पुटपुटले, "हवेत पानी भरून राहिलं, सूर जाग्यावर राहत नाही." म्हाताऱ्याने पहिला अर्धा भाग ऐकला आणि घरी जाऊन मजूर सांगितले. संध्याकाळी शेतातल्या बांध्या भरतील असा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर चपलाच चपला. मास्तरांनी महिनाभर आरडाओरड केली, मग सोडून दिली. पुढे कोणी आलं की ते आत जाऊन वाद्याचं बटण लावत, क्षणभर ऐकत आणि बाहेर येऊन सांगत, "आज सूर कोरडा आहे. तुझं तू पाहा." लोक समाधानाने जात.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले ती बदलीमुळे. बदलीच्या गावी खोली पाहताना मी ठरलेल्या गोष्टी तपासते: पाणी कधी येतं, संडास कोणाकोणात, छत कुठे गळतं आणि मालक किती बोलतो. पहिल्या तिन्ही गोष्टी चांगल्या निघाल्या. चौथीचा अंदाज येईना, कारण मास्तर पहिल्या दिवशी मोजकंच बोलले.

"मॅडम, दोन नियम. पाण्याची मोटर लावण्याआधी मला आवाज द्यायचा. मोटर लागली की सूर हलते. आणि समोरच्या खोलीत चुन्याची रेघ आहे. मी वाजवत असलो की तिच्या आत यायचं नाही. पेटीले शिवायचं नाही."

पेटी म्हणजे हार्मोनियम असणार असं समजून मी मान हलवली.

ती हार्मोनियम नव्हती. जुन्या रेडिओचं सागवानी खोकं होतं. उजव्या बाजूला उभी पितळी कांडी, डाव्या बाजूला आडवं निघालेलं एक कडं. मास्तर तिच्यासमोर ताठ उभे राहत. उजवा हात कांडीजवळ नेला की सूर चढायचा, लांब नेला की उतरायचा. डावा हात कड्यावर आणला की आवाज बारीक व्हायचा, उचलला की मोठा. दोन्ही हात हवेतच. कशालाच स्पर्श नाही. मिटल्या तोंडाने एखादी बाई गुणगुणते तसा तो आवाज होता, फक्त ती बाई विहिरीच्या तळाशी उभी आहे असं वाटायचं.

या वाद्याला थेरेमिन म्हणतात, रशियातल्या एका शास्त्रज्ञाने ते शंभर वर्षांपूर्वी केलं, आणि विजेवरच्या वाद्यांमधलं ते फार जुनं, एवढं मला त्यांनीच सांगितलं. नोकरीत असताना आयटीआयच्या वाचनालयात एका फाटक्या हिंदी मासिकात त्यांना त्याची आकृती सापडली होती. गोंदियाच्या भंगारबाजारातून जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह आणून त्यांनी पेटी बनवली. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा शेजारणीला वाटलं, मांजर पाट्याखाली सापडलं.

"पण वाजते कशी, सर?" मी विचारलं.

"आपल्या अंगानं. कांडीभोवती विजेचा एक घेर असते. माणूस जवळ आला की तो बदलते. पेटीला माणूस आला एवढं समजते." मग जरा थांबून, "कोणता माणूस, ते समजत नाही. म्हणून मला आवडते."

रेघेचं कारणही तेच. खोलीत कोणीही पुढे सरकलं की मास्तरांचा सूर वाकायचा. मग ते मागे न बघता ओरडायचे, "शिवू नका!"

हा शब्द माझ्या कानाला टोचत होता. आमच्याकडे वस्तूला 'हात लावू नका' म्हणतात. 'शिवू नका' कोणी कोणाला म्हणत असे ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आणि मास्तरांच्या घरात बुद्धमूर्तीसमोर रोज सकाळी मेणबत्ती लागायची. एकदा मी म्हटलं, "सर, हात लावू नका म्हणा ना त्यापेक्षा."

"हात लावू नका सामानाले म्हणतात, मॅडम. शिवू नका माणसाले म्हणतात. माझ्या आज्याला उभ्या जन्मात दुसरं काही म्हटलं नाही लोकांनी. एवढा शब्द फुकट घरात आला. वाया कायले घालवू?" आणि बोटांवर मोजून त्यांनी सांगितलं, आजवर कोणाकोणाला म्हटलं ते. बँकेचे मॅनेजर, एक माजी सभापती, सत्यनारायण सांगायला शेजारी आलेले महाराज. "सगळे पटकन मागं सरकतात. बरं वाटते."

तरी शब्दाने सगळंच भागत नसे. एका शाळेने त्यांना स्नेहसंमेलनाला बोलावलं होतं. मी सोबत गेले, कारण पेटी रिक्षात धरून बसायला कोणीतरी हवं होतं. मास्तरांनी मंचावर खडूने रेघ ओढली, वादन सुरू केलं. मुलं चक्क गप्प बसली. आता आपल्याकडे कार्यक्रमाच्या मधोमध सत्काराची एक उबळ येते. मुख्याध्यापकांना ती आली. हातात शाल आणि नारळ घेऊन ते हसत हसत मागून मंचावर चढले. पेटी किंचाळली. मुख्याध्यापक दचकून मागे झाले, पेटीने खालचा हंबरडा फोडला. त्यांना वाटलं लवकर उरकावं, म्हणून शाल पसरून ते पुन्हा पुढे आले, तर पेटी कुत्र्याच्या पिल्लासारखी केकाटली. मास्तर हात हवेत धरून ओरडताहेत, "शिवू नका! अहो शिवू नका!" आणि मुलं बाकांवर उभी राहून, "पुन्हा, सर! पुन्हा!" शेवटी मुख्याध्यापकांनाच लय सापडली. ते तीन-चार वेळा पुढे-मागे झाले आणि टाळ्या घेऊन खाली उतरले.  घराशी आल्यावर मास्तर म्हणाले, "त्याचा हात माझ्यापेक्षा जिवंत आहे."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. नंतर कळला. मास्तरांचं दुखणं वेगळंच होतं. त्यांचा सूर अचूक होता, पण पट्टीने ओढलेल्या रेघेसारखा सरळ. गळ्यातून येणारा सूर बारीक थरथरतो, तो कंप त्यांना जमत नव्हता. जन्मभर बारीक तारा जोडलेला हात. हलायचं नाही हेच त्याला शिकवलेलं. "कंप नाही, मॅडम. बाकी सगळं आहे, कंप नाही," हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की स्वयंपाक करताना माझ्याही तोंडात येऊ लागलं.

उपाय त्यांनी पुष्कळ केले. बर्फ धरून पाहिला. कडक चहा पिऊन पाहिला. सगळ्यात गुणकारी निघाली ती त्यांची जुनी फटफटी. कोहमाऱ्याकडच्या रस्त्याचं काम निघालं होतं. त्या खड्ड्यांतून ते भन्नाट जाऊन यायचे, दारात गाडी टाकायचे आणि हेल्मेट न काढता धावत आत. हात थरथरत असेपर्यंत, म्हणजे अर्धी ओळ वाजेपर्यंत, सुराला कंप यायचा. मग हात थंड पडायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मास्तरले जोराची लागली दिसते." रस्ता डांबरी झाला तेव्हा मास्तर एकटेच नाराज झाले.

आईला माझ्याकडे आणावं लागलं तो उन्हाळा याच काळातला. आई नवेगाव बांधजवळच्या आमच्या गावी एकटी राहायची. आम्ही जातीने कोहळी. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधला याचा आईला एवढा अभिमान, की तलाव कोरडा पडला तरी ती घरचं माणूस आजारी असल्यासारखी बोलायची. तिचा उजवा हात हलायला लागला होता. आधी तिने लपवलं. मग एक दिवस चुलीवरचं पेजेचं पातेलं हातातून सुटलं आणि पाय भाजला. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात आहे, गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात राहील. मात्र गोळ्या वेळेवर हव्यात, हळूहळू वाढवायच्या आहेत आणि मधेच बंद केल्या तर त्रास होईल, कोणीतरी सोबत हवं. भाऊ सुरतेला. राहिले मी. नोकरी सोडून गावी जाऊन राहणं मला शक्य नव्हतं. तेव्हा आईने माझ्याकडे राहायचं, नाहीतर एकटीने चुलीजवळ. तिसरा मार्ग मी शोधून पाहिला होता, नव्हता.

घर कोणाचं आहे ते मी तिला आधीच स्पष्ट सांगितलं. ती येताना पिशवीतून स्वतःचा तांब्याचा गडू घेऊन आली. मास्तरांनी तो पाहिला. मला वाटलं, झालं.

"मावशी, नळ तिकडं आहे," मास्तर म्हणाले. "नळ माझा नाही. नगरपंचायतीचा आहे. चालेल ना?"

आईने मान फिरवली. मी आत जाऊन रिकाम्या खोल्या कुठे आहेत ते आठवू लागले.

आई दार लावून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. मला आधी वाटलं हा त्या घराचा विटाळ. तसं नव्हतं, किंवा तेवढंच नव्हतं. घास तोंडापर्यंत जाताना अर्धा सांडायचा आणि तो तिला कोणाला दाखवायचा नव्हता. हात पदराखाली घेऊन ती दिवसभर खाटेवर बसायची. आठवडाही झाला नसेल आणि तिने सुरू केलं, "मी जातो आपल्या घरी."

"तिथं कोण आहे, आई?"

"घर आहे ना."

एका रविवारी सकाळी मी फोडणी टाकत होते. समोरच्या खोलीत मास्तर बुद्धपौर्णिमेची तयारी करत होते. विहारात दरवर्षी ते वंदनेची चाल वाजवत. आई खाटेवरून म्हणाली, "कोन रडून राहिला वो?"

"रडत नाही कोणी. मास्तर वाजवतात."

"वाजवत नाही. नुसता एक सूर धरून बसला बापा. रडाले पन येत नाही त्याले." आणि ती उठली. कितीतरी दिवसांनी आपणहून उठली, म्हणून मी अडवलं नाही. दारातून मला दिसत होतं: ती चौकटीशी थांबली, मग बघायला पुढे गेली. रेघ तिला माहीतच नव्हती.

सूर हलायला लागला. वाकला नाही, हलला. मास्तर सवयीने ओरडले, "शिवू नका!"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"कोनाले म्हनता?" आईने विचारलं.

मास्तर वळले. कोण आहे ते पाहून क्षणभर तेही गोंधळले. पण माघार घेतील तर ते मास्तर कसले. "तुमालेच. रेघ दिसत नाही का?"

"मले? मले म्हनता, शिवू नोको?" आईचा आवाज चढला. "उभ्या जन्मात मले असं कोनी म्हटलं नाही!"

"आमाले रोज म्हणत होते," मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता, एखाद्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, "कसं वाटते?"

फोडणी करपत होती. मी गॅस बंद केला. आता आई पिशवी उचलणार, मास्तर खोली सोडा म्हणणार, सोमवारी मला साहेबांकडे रजा मागावी लागणार, असं सगळं माझ्या डोक्यात रांगेने उभं राहिलं.

आईने खरंच विचार केला. मग म्हणाली, "बेकार वाटते."

"हं," मास्तर म्हणाले.

एवढंच. या विषयावर त्या दोघांचं त्यानंतर कधी बोलणं झालं नाही. गडू मात्र त्या आठवड्यात कधीतरी फळीवर गेला. तो कोणी ठेवला ते मी विचारलं नाही.

"आता सरकतो मागं," रेघेकडे बघत आई म्हणाली.

"थांबा!" मास्तर एकदम म्हणाले. "मघाशी सूर हलला तो तुमच्यानं. हात कोणता? पदरातला? बाहेर काढा."

"तो कामाचा नाही. सगळं सांडते."

"इथं सांडाले काय आहे?"

आईने हात बाहेर काढला. मास्तरांनी तो कुठे धरायचा ते लांबून दाखवलं आणि स्वतःचा हात कांडीसमोर नेला. त्यांच्या हाताने सूर उभा राहिला आणि तिच्या हाताने तो थरथरला. वंदनेची पहिली ओळ विहिरीतून बाहेर आली. खोकं नाही, माणूस गातंय असं वाटलं. मास्तर मधेच थांबले, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "मॅडम, कंप."

डॉक्टरांच्या कागदावर तोच शब्द होता. माझ्या पर्समध्ये.

त्यानंतर रोज सकाळी तालीम. खरं तर तालीम कमी, भांडण जास्त.

"तलाव आमच्या लोकांनी बांधला, मास्तर."

"बांधला असेल. माती आमच्या लोकांनी वाहिली."

"नकाशा लागते तलावाले. नुसती माती टाकून तलाव होते का?"

"आणि नुसत्या नकाशात पानी राहते का?"

"हात कोठी धरू ते सांगा."

"थोडा मागं. हं. तिथं."

आई आता जेवताना दार लावत नव्हती, भिंतीकडे तोंड मात्र करायची. घरी जायचं नाव काढत नव्हती. मी निश्चिंत झाले आणि तिथेच चुकले. गोळ्या वाढवल्या होत्या, पाकीट वेळेवर रिकामं होत होतं, तरी हात कमी होण्याऐवजी जास्त हलायला लागला. चालताना तोल जाऊ लागला. डॉक्टरांना फोन करायच्या विचारात होते, तेवढ्यात मास्तर माझ्या दारात आले. एरवी ते माझ्या उंबऱ्यापर्यंत येत नसत. त्यांनी तळवा उघडला. आत धुळीने माखलेल्या पांढऱ्या गोळ्या.

"खिडकीच्या फटीत होत्या. चुना लावायला गेलो तर दिसल्या. आपल्या मावशीच्या ना?"

आईने लगेच कबूल केलं. लपवण्यात तिला रस नव्हता. "गोळी घेतली का हात थांबते. हात थांबला का मास्तरचा सूर मरते. पौर्णिमा होऊ दे, मंग घेतो."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. मास्तर मात्र तळव्यातल्या गोळ्या मोजत होते. इतक्या वर्षांत जी गोष्ट मिळाली नव्हती ती त्यांना मिळाली होती, कार्यक्रम तोंडावर होता, आणि बाई आपणहून द्यायला तयार होती. मला खात्री नव्हती, ते काय म्हणतील याची.

"मावशी, पौर्णिमेला मी एकटाच वाजवतो."

"काऊन?"

"तुमचा हात मले नाही पाहिजे."

"खोटं बोलता."

"बोलतो," मास्तर म्हणाले. "गोळी घ्या."

आणि ते गेले. आईने गोळी घेतली, पाणी प्यायलं आणि पिशवी भरायला घेतली. आधीच्या जाण्याच्या गोष्टी नुसत्या बोलण्याच्या होत्या. या वेळी तिने लुगडी घडी करून ठेवली. "हाताले इत काम होतं म्हनून राहिलो. आता काय खाटेवर बसून भिंत पाहू? पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मले नवेगावच्या गाडीत बसवून दे." मी समजावलं, रागावले, भावाला फोन लावून दिला. भावाचं तिने ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला. पौर्णिमेपर्यंत तरी का थांबते विचारलं तर म्हणाली, "मास्तरनं म्हटलं, टाळ्या सगळेच वाजवतात, खरं सांगाले कोनीतरी पाहिजे. ऐकून जातो."

मास्तरांना मी गाठलं. म्हटलं, सर, तुम्ही थांबवा तिला. ते पेटीचं झाकण उघडून बसले होते. "मी कसा थांबवू, मॅडम? मीच तर बाहेर काढलं." मग मान वर न करता, "ती गोळी घेते ना?"

"घेते."

"मग होईल."

पुढचं सगळं नीट झालं म्हणून आज मला हे सलग लिहिता येतं. बदली होऊन मी गोंदियाला आले त्याला आता वर्ष झालं. आई सोबत आहे, स्वतःचा चहा स्वतः ओतून घेते. मास्तर लेकीकडे भिलाईला असतात. तिथल्या फ्लॅटमध्ये चुन्याची रेघ चालत नाही, म्हणून त्यांनी फरशीवर निळी चिकटपट्टी लावली आहे आणि लिफ्ट हलली की सूर हलतो म्हणून सोसायटीशी त्यांचं भांडण चालू आहे. फोन ते मला करत नाहीत, आईला करतात. पण त्या पौर्णिमेला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आहे.

संध्याकाळी विहाराच्या अंगणात मंडप होता. आई याआधी कधी विहारात गेली नव्हती. दारात तिने चपला काढल्या आणि नीट जोडून ठेवल्या. कोणीतरी "या, माय" म्हणून तिला पुढच्या सतरंजीवर बसवलं. मास्तर पांढऱ्या कपड्यांत पेटीमागे उभे राहिले. वंदनेची चाल त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. एकही सूर चुकला नाही आणि एकही हलला नाही. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मी आईकडे पाहिलं. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिचा उजवा हात मांडीवर होता, पदराच्या बाहेर, आणि शांत होता. अगदी शांत नाही, पण पाण्यावरची लाट विरत आल्यावर उरते तेवढाच.

मग खीर वाढायला आले. द्रोण हातात आल्यावर मी सवयीने तिच्यासमोर आडवी बसले, लोकांना दिसू नये म्हणून. तिने मला कोपराने बाजूला केलं. द्रोण डाव्या हातात धरला, उजव्या हाताने खीर खाल्ली. एवढ्या माणसांत, भिंत नसताना. थोडी सांडली. सांडली ती तिने पदराने पुसली आणि पुढचा घास घेतला. मला माझी खीर दिसेनाशी झाली, म्हणून मी मंडपाच्या माळा मोजत बसले.

मास्तर घाम पुसत आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. शाबासकी घ्यायला नाही, शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

"बांबूवानी सरळ," आई म्हणाली.

"माहीत आहे."

"दुसऱ्या ओळीत, जेथी सूर वर जाते, तेथी गळा आपोआप हलते बापा. रोवन्याच्या गान्यात हलते तसा. तुमी सगळीकडं हलवाले पाहता. सगळीकडं नाही हलवाचं. दोनच जागा हाय."

"कोणत्या दोन?" मास्तर खाली बसले.

आईने बोटाने हवेत दाखवलं. मास्तरांनी तिच्या बोटाकडे बघत हात उचलला आणि तिथे नुसतं मनगट सैल सोडलं. पेटी लांब होती, आवाज काही आला नाही. तरी दोघांनी कान दिल्यासारखं ऐकलं.

"अजून सोडा. घट्ट धरून ठेवता तुमी. परत करा."

त्यांनी परत केलं. मग परत. वाढणारी मुलगी खिरीचं पातेलं घेऊन पुन्हा आली, तर आईने बोलता बोलता द्रोण पुढे केला. मला घरी जाऊन तिचं सामान बांधायचं होतं, सकाळी लवकर उठायचं होतं. मी वाकून हळूच विचारलं, "आई, उद्याच्या गाडीचं काय करायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कोनती गाडी?"